दातिवऱ्याच्या मिटलेल्या शिंपल्या

थर्माकोलचा रिकामा डबा घेऊन एकटीने प्रवास करणाऱ्या बाईकडे लोक संशयाने बघतात. पुणे स्टेशनावर मी डबा मांडीवर घेऊन बसले, तेव्हा समोरच्या गृहस्थांनी आधी डब्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं आणि आपली पिशवी हळूच पलीकडे सरकवली. "यात काय आहे?" त्यांना राहवेना. "काही नाही. येताना शिंपल्या असतील," मी म्हटलं. त्यानंतर वसईपर्यंत त्यांनी माझ्याशी शब्दही काढला नाही.

माझं काम शिंपल्यांवर आहे. समुद्र ओसरला की शिंपली चिखलात दोन्ही दारं घट्ट लावून बसते. बाहेरचा प्राणवायू बंद. तुमची-माझी मेंदूची पेशी अशा वेळी काही मिनिटांत मरायला लागते. शिंपलीच्या पेशी मात्र तासन् तास, वेळ आली तर काही दिवसही तग धरतात. कशा, हे शोधण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं आणि उरलेलंही जाईल असं दिसतं. नावामागे डॉक्टर लागलं असलं तरी मी औषधं देणारी डॉक्टर नाही. हे मी जन्मभर सगळ्यांना सांगत आले आणि कुणीही ते मनावर घेतलेलं नाही.

दातिवऱ्याच्या हेमाताई त्यांतल्याच एक. खाडीकाठच्या गावात त्या मासळी विकतात आणि माझ्यासाठी शिवल्या (शिंपल्यांना तिथे हेच म्हणतात) काढून ठेवतात. पूर्वी हे काम त्यांचा मुलगा नितेश करायचा. मग त्याला बोईसरला कारखान्यात नोकरी लागली. गेल्या दिवाळीच्या सुमाराला एक टाकी साफ करायला तो आत उतरला. आत श्वास घेण्याजोगी हवाच नव्हती. सोबतच्यांनी ओढून बाहेर काढलं तेव्हा त्याचं हृदय थांबलं होतं. ते पुन्हा सुरू झालं, तो वाचला; पण बोलणं अडखळलं, उजवा हात थरथरायला लागला, गोष्टी विसरायला लागल्या.

हेमाताईंचा फोन आला तो यासाठीच. "बाय, शिवल्या काढून ठेवते, तुमी या. हवा नसली तरी जगतात त्या. त्यांच्यातून माझ्या पोराला कायतरी औषध निघंल ना? तोंडावर सांगा मला." निघत नाही, हे मला ठाऊक होतं. ते फोनवर सांगायला जीभ रेटली नाही, म्हणून मी निघाले.

आधी बोईसरला उतरायचं होतं, नितेशची बॅग आणायला. स्टेशनाबाहेर पाळी सुटलेल्या कामगारांच्या बसेस रिकाम्या होत होत्या आणि रिक्षावाले हिंदीतून एकमेकांच्या आयांचा उद्धार करत होते. बेटेगावच्या बाजूला एका चाळवजा इमारतीत नितेशची खोली होती. दिलीप नावाचा, बलिया जिल्ह्यातून आलेला मुलगा तिथे आता एकटा राहतो. त्याने मला एकुलत्या एक खुर्चीवर बसवलं, स्वतः पलंगाच्या कडेवर टेकला आणि चहासोबत टोस्टचा अख्खा पुडा पुढे ठेवला.

"हम ही थे ऊपर," तो म्हणाला. "रस्सी हमारे हाथ में थी. बस खींचते गए, मैडम."

मी टोस्ट चहात बुडवला आणि तो तुटून आत पडला.

"अब बोलता है?" त्याने विचारलं.

"थोडा थोडा, सुना है."

"पहले तो चुप ही नहीं होता था. रोज झगडा. दाल में नमक कम है, इस पर आधा घंटा!" दिलीप हसला आणि लगेच थांबला. "अब कमरे में बहुत शांति है. अच्छा नहीं लगता."

बॅग त्यानेच रिक्षापर्यंत आणली. रिक्षा वळेपर्यंत तो रस्त्यात उभा होता.

पालघरच्या एस.टी. स्टँडवर माझी फजिती झाली. बॅग, डबा आणि वडापाव असं तिन्ही सांभाळताना वाऱ्याने डब्याचं झाकण उडवलं आणि ते स्टँडभर घरंगळत सुटलं. मी त्याच्यामागे, माझ्यामागे एक कुत्रं. त्याचं लक्ष अर्थातच वडापाववर. शेवटी डोंगराकडच्या गावातून रानभाजी विकायला आलेल्या एका बाईने बसल्या जागेवरून पाय लांब करून झाकण दाबून धरलं. "बांधून ठेव गो बाय," ती म्हणाली आणि जुड्या बांधायच्या सुतळीतून हातभर तुकडा तोडून दिला. मी दोन जुड्या घेतल्या. कुत्र्याला वडापाव मिळाला.

बसमध्ये कंडक्टरने डबा पाहिला. "मासळीचा डबा मागं ठेवा."

"अहो, रिकामा आहे."

"येताना भरून आणाल आन् तवा पन रिकामाच सांगाल," तो म्हणाला, आणि तिकीट फाडून पुढे गेला. माणूस अनुभवी होता.

माहीम-केळव्याकडचा रस्ता मला फार आवडतो. दोन्हीकडे नारळ-सुपारीच्या वाड्या, त्यांत पानवेलींचा गारवा, मधूनच सुरूची झाडं आणि त्यांच्यामागे समुद्राची पांढरी रेघ. पुढे खाडीचा चिखल लागला. ओहोटी होती. मैलभर काळाभोर गाळ उन्हात चमकत होता आणि त्यावर बगळे सोडून काही हलत नव्हतं. वरून बघणाऱ्याला ते ओसाड वाटेल. पण त्या गाळात त्या क्षणी लाखो शिवल्या दारं लावून बसल्या होत्या.

आत काय चाललेलं असतं? सोप्या शब्दांत सांगायचं तर, काटकसर. शिंपलीची पेशी पाहुणे गेलेल्या घरासारखी एकेका खोलीतला दिवा बंद करते. नवं काही बांधायचं नाही, साठवलेलं पिठूळ अन्न पुरवून पुरवून, प्राणवायूवाचून मोडायचं. आपल्या पेशींनाही हवा कमी पडल्याचं कळतं. त्यांच्यात एक निरोप्या सतत तयार होत असतो. प्राणवायू पुरेसा असला की पेशी त्याला लगेच मोडून टाकते. प्राणवायू घटला की तो उरतो, पेशीच्या केंद्रात जातो आणि रक्त वाढवा, नव्या वाहिन्या काढा अशी वर्दी देतो. या निरोप्याला धरून रक्त वाढवणारी काही औषधं निघालीही आहेत. जन्मताना गुदमरलेल्या बाळांना थंड ठेवतात, दान केलेलं मूत्रपिंड बर्फातून नेतात, तीही काटकसरच. पण मेंदूची पेशी उधळी आहे. तिच्याकडे साठाच नसतो. एकदा मेलेली मेंदूची पेशी उठवणारं औषध कुठल्याच शिंपलीने अजून आम्हाला दिलेलं नाही. हे वाक्य हेमाताईंना कसं सांगायचं, याची मी दांडा गाव येईपर्यंत मनात उजळणी केली आणि दरवेळी ते जास्तच वाईट जमलं.

दातिवऱ्याला हेमाताई दारातच उभ्या होत्या. एरवी त्यांचा आवाज मला बसमधून ऐकू येतो. आज त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

अंगण ओलांडून आम्ही आत गेलो. मागच्या खोलीच्या खिडकीवर जुनं जाळं आणि त्यावर जाड लुगडं टाकलेलं. आत अंधार. खाटेवर नितेश पडला होता, पण झोपलेला नव्हता. डोळे उघडे होते. मला बघून तो काही बोलायला गेला. "मा... माव..." लगेच हेमाताईंनी त्याच्या छातीवर हात ठेवला. "गप ऱ्हा, बाला. दमशील." तो गप्प झाला. टीव्ही बंद, फोन बंद, शेजारच्या पोरांना घरात यायला बंदी.

"तो चालतो का?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"चालत व्हता. पालघरच्या व्यायाम शिकवनाऱ्या बाईनं सांगितला, रोज चालवा, बोलवा, हातानं काम द्या. मी परत नाय नेला. तो लय दमायचा, घाम फुटायचा त्याला." आणि मग त्या माझ्याकडे फार विश्वासाने बघत म्हणाल्या, "तुमीच सांगितला नाय का मागं, या ओट्यावर बसून? हवा नसली की शिवली मिटून गप पडते, कायपन करीत नाय, म्हनून वाचते. मी पन तसाच ठेवलाय त्याला. कायपन करू देत नाय."

मी ते सांगितलं होतं, आणि मोठ्या रंगात येऊन सांगितलं होतं. इतके महिने या माउलीने आपल्या पोराला त्या गप्पांच्या भरवशावर अंधारात मिटून ठेवलं होतं.

अंगणात जांभळाच्या सावलीत खाडीच्या पाण्याने भरलेलं मोठं पातेलं होतं. तळाशी आदल्या दिवशी काढलेल्या शिवल्या. रांधण्याआधी त्यांना पोटातला चिखल ओकू द्यायचा, ही इथली रीत. तेवढा वेळ घरातलं कुणी पातेल्याजवळ पाय आपटत नाही, भांडं वाजवत नाही. दणका बसला की त्या मिटतात. आम्ही दोघी पातेल्याशी बसलो.

"हेमाताई, या चिखलात मिटलेल्या होत्या ना? आता काय करतायत?"

"उघडतात. पानी मिलला ना त्यांना."

"मिटून किती वेळ राहतात?"

"व्हटी हाय तवर." व्हटी म्हणजे ओहोटी.

"आणि भरती आल्यावरही मिटूनच राहिली तर?"

"मंग खानार काय?" असं म्हणून त्यांनी मागच्या खोलीकडे पाहिलं.

"नितेशची ओहोटी दिलीपने दोर ओढला तेव्हाच संपली," मी म्हटलं. "आता हवा आहे, अन्न आहे. मेंदूचा जो भाग गेला, त्याला माझ्याकडे औषध नाही. कुणाकडेच नाही. पण जो राहिलाय, तो वापरला तर शिकतो. गेलेल्या भागाची कामं उचलतो. किती, ते मला सांगता येत नाही. त्या पालघरच्या बाईंचंच बरोबर आहे. माझं नाही, त्यांचं ऐका."

"म्हंजे मी त्याला कोंडला," हेमाताई म्हणाल्या. मग पदर तोंडात धरून रडल्या, आणि रडतानाही आवाज होऊ दिला नाही, शिवल्या मिटतील म्हणून. मलाही रडू आलं. मी ते लपवलं नाही.

मग त्या उठल्या, आत गेल्या आणि खिडकीवरचं लुगडं, जाळं, सगळं ओढून खाली काढलं. नितेश डोळ्यांवर हात घेऊन वैतागला. संध्याकाळी त्याला अंगणात बसवलं. त्याने बॅगेतून आपलं निळं जॅकेट काढलं आणि त्या उकाड्यात अंगावर चढवलं. कुणी अडवलं नाही. "मा... मावशी, पुना?" त्याने विचारलं. "पुण्याहूनच," मी सांगितलं. जेवायला तांदळाची भाकरी आणि खोबऱ्याच्या वाटणातल्या शिवल्या होत्या. तो डाव्या हाताने जेवला. हेमाताईंनी भरवायला उचललेला घास परत स्वतःच्या ताटात ठेवला.

सकाळी माझ्या शिवल्या ओल्या गोणपाटात गुंडाळून डब्यात भरल्या. झाकण लावलं, आणि पालघरची ती सुतळी नितेशने मागितली. पूर्वी माझे डबे तोच बांधायचा, कोळ्याच्या गाठीने, एका झटक्यात. आता उजवा हात थरथरत होता, सुतळीचं टोक फासातून जाईना. एकदा, पुन्हा, परत. हेमाताईंचा हात दोनदा पुढे आला आणि दोनदा मागे गेला; शेवटी त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. वळणावर एस.टी.चा हॉर्न वाजला. कुणीही हललं नाही. गाठ बसली तेव्हा बस केव्हाच निघून गेली होती.

"चु... चुकली तुमची," नितेश म्हणाला.

"दुसरी आहे की," मी म्हटलं.

दुसऱ्या बसला कालचाच कंडक्टर होता. त्याने डब्याकडे पाहिलं, त्या वेड्यावाकड्या गाठीकडे पाहिलं. "रिकामा काय?" "भरलेला," मी कबूल केलं, आणि डबा मुकाट्याने मागे नेऊन ठेवला.

प्रयोगशाळेत पोहोचल्यावर गाठ कापायला माझी विद्यार्थिनी कात्री घेऊन आली. मी तिला थांबवलं आणि नखं तुटेपर्यंत हाताने सोडवली. शिवल्या खाऱ्या पाण्यात सोडल्या. बराच वेळ काही घडलं नाही. मग एक किंचित उघडली, मग तिच्या शेजारची. आमचं संशोधन आता याच घटकेवर आहे. माणसाच्या पेशीला हवा तुटल्यावर जशी इजा होते, तशी हवा अचानक परतल्यावरही होते. शिंपली मात्र मिटलेली असतानाच परतीची तयारी करून ठेवते. ती कशी, हे कळलं तर पुढे कुणा नितेशला उपयोग होईल. या नितेशला होणार नाही, आणि ते मला सलतं.

पाऊस लागायच्या सुमाराला हेमाताईंचा फोन आला. या वेळी आवाज इतका मोठा होता की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"बाय, आज माझ्याशी भांडला तो! कालवनात मीठ कमी हाय म्हनून. आक्खी दुपार भांडला!"

मागून कुणीतरी अडखळत, चिडून ओरडत होतं. "मी... मीठ नव्हताच!"

मी फोन ठेवला आणि सगळ्यांत आधी बोईसरला दिलीपला कळवलं.