लाल खुणेचा नळ

मस्कतला मॅडमच्या घरी आजींना सांभाळायला आले त्याच्या तिसऱ्याच आठवड्यात, मी आंघोळ घालत असताना आजींचा हात पोळला. निळा नळ सोडा नाहीतर लाल, पाणी कढतच. गीझर मीच बिघडवला असं मला वाटलं. आता मॅडम मला परत पाठवणार, आणि सातवीत शाळा सोडलेल्या बाईला दुसरं कोण ठेवणार?

मॅडमनी प्लंबर बोलावला. रायगडकडचे म्हातारे चाचा होते. चपला दाराबाहेर काढून, विजार दुमडून ते आत आले. दोन्ही नळांखाली त्यांनी पालथा हात धरला, मग गीझरचं बटण पाहिलं. ते चालूच होतं. आंघोळ म्हणजे गरम पाणी, म्हणून रोज मीच ते लावायचे.

"काय बिघडलंय?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही. गच्चीवरची टाकी तापलीय. जूनमध्ये इथे सगळ्यांकडे हेच." बोलता बोलता त्यांनी बटण बंदही केलं.

मॅडम गेल्यावर हळूच म्हणाले, "बाय, आता ऑक्टोबरपर्यंत हा गीझर लावायचा नाही. एसीच्या घरात यातलं पाणी आपोआप निवतं. उद्यापासून गार पाणी लाल नळाचं घे, आणि कढत निळ्याचं, तो थेट टाकीवरून येतो."

"चाचा, चूक माझीच होती."

"माझ्या पहिल्या उन्हाळ्यात मी तर अर्बाबला, मालकालाच भाजलं होतं. खलास, आता रडू नको."

दुसऱ्या दिवशी आजी म्हणाल्या, "आज पाणी कसं छान आहे गं!"

चाचा पुन्हा दिसले नाहीत. आजींच्या अंगावर पहिला तांब्या ओतण्याआधी मी अजून नळाखाली पालथा हात धरते.