मामींच्या कोरड्या घड्या

माझ्या सासूबाई तहानेनं गेल्या. माझ्याच घरात राहत असताना.

आज त्यांची पुण्यतिथी. इतकी वर्षं फोटोला हार घालून मोकळा होत आलो. आज लिहितो, कारण आता मी स्वतः डायपर वापरतो आणि माझं लाजायचं वय सरलं आहे. पोरं ओरडतील. ओरडू देत.

महाराष्ट्र होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. नांदुऱ्याला मी एका जिनिंगमध्ये होतो. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. हमाल म्हणून लागलो आणि कापूस पारखणारा झालो. कान असा तयार की नुसत्या मशीनच्या आवाजावरून सांगायचो, आत ओला माल गेलाय.

सासूबाई सुलतानपूरच्या. मी त्यांना मामी म्हणायचो. त्यांना मुलगा नाही. माझी बायको कुसुम एकुलती एक. म्हणून पिशवीच्या ऑपरेशननंतर त्या आमच्याकडे आल्या.

ऑपरेशननंतर लघवीवर ताबा राहिला नव्हता. शिंक आली तरी लुगडं भिजायचं.

तेव्हा आमच्यात सासू जावयासमोर यायची नाही, बोलायची नाही. मामी दाराआड. मला काही सांगायचं तर कुसुमला सांगायच्या. कुसुम बाहेर येईपर्यंत मी ते भिंतीतून ऐकलेलं असायचं.

डायपर हा शब्दही गावात कोणाला माहीत नव्हता.

मेडिकलवाल्यानं कापसाची एक पुडी दाखवली. मी हसलो. म्हटलं, आमच्याकडे याचे डोंगर पडलेत आणि तू पुडीत विकून राह्यला?

अकोल्याहून रबरी शीट आणली. ऐन मे महिन्यात तिच्यावर झोपून मामींची पाठ सोलून निघाली.

राहिली जुन्या लुगड्यांची फडकी. मागच्या अंगणातली दोरी रोज भरून जायची.

एक दिवस शेजारीण कुंपणावरून बोलली, "काऊन वं कुसुम, घरात तान्हं आलं का? लय फडके वाळू घातले."

हसतच बोलली, मनात काही नसेल. पण आत मामी तांदूळ निवडत होत्या.

सुपाचा आवाज थांबला.

मी दुसऱ्याच दिवशी जिनमधून कापूस आणला. पहिल्या नंबरचा. पांढराशुभ्र, लांब धाग्याचा. कुसुमनं तो लुगड्याच्या तुकड्यांत भरून जाड घड्या शिवल्या. मी दाराकडे तोंड करून मुद्दाम मोठ्यानं म्हणालो, "मामीले सांग, असा माल मुंबईच्या शेठकडे नाई. आता काई चिंता नाई."

त्या दिवशी गादी भिजली.

हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही. मामींनी कुसुमला शपथ घातली होती. जवायानं एवढ्या हौसेनं आणलं, त्याले वाईट वाटन.

तिसऱ्या दिवसापासून घड्या कोरड्या निघू लागल्या, गादीही कोरडी.

चौथ्या दिवशी कोरड्या.

पाचव्या दिवशीही. कुसुम घडी हातात घेऊन बाहेर आली, चेहरा खुललेला. मी तर जिनमध्ये चार जणांना सांगून बसलो की आपल्या मालात जादू आहे.

बाहेर ऊन असं की दुपारी कुत्रंही रस्ता ओलांडत नव्हतं.

माझ्या कानांनी मात्र मला सगळं सांगितलं होतं. मोरीत कोणी तांब्या हळूच रिकामा करतंय. ती अंघोळीची वेळ नाही. मी समजलो, हात धुत असतील. दुपारी दाराआडून चट् चट् असा आवाज, जीभ टाळूला चिकटून सुटावी तसा. मी समजलो, देवाचं नाव घेत असतील.

मामी दिवसभरात दोन घोट पाणी पीत होत्या. तेवढंच.

सहाव्या दिवशी मी जेवायला बसलो आणि आत काहीतरी पडलं. भांड्याचा आवाज नव्हता तो.

दवाखान्यात डॉक्टरांनी मामींच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. लघवी कधी झाली, त्यांनी विचारलं.

कुसुम म्हणाली, आता काही त्रास नाही, सगळं कोरडं असते.

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. मग एक घडी उसवली आणि आतला कापूस नळाखाली धरला. पाण्याचे मणी होऊन घरंगळून गेले. कापूस कोरडाच.

"कच्चा आहे हा. याला मेण असतं, पाणी धरत नाही. मेडिकलमधला उकळून धुतलेला असतो." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही कापसातलेच ना?"

होतो ना. पावसात गठाण, म्हणजे कापसाचा दाबून बांधलेला गठ्ठा, सापडली तर वरचा थर ओला आणि आत कोरडं, हे दरवर्षी बघत होतो. व्यापाऱ्यांना कौतुकानं दाखवतही होतो.

सलाईन चाललं. किडन्या काही उठल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामींनी खुणेनं मला जवळ बोलावलं. पदर पुढे ओढायला हात उचलत नव्हता. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्या माझ्याशी थेट बोलल्या.

"जवाईबुवा, तुमचा कापूस चांगला हाये. मलेच सांभाळता आलं नाई."

मी मान डोलावली, म्हणालो, "हाव."

एवढंच निघालं तोंडातून. संध्याकाळी त्या गेल्या.

आता मेडिकलमध्ये दहा कंपन्यांची पॅकेटं असतात. घरात कोणासाठी घेत असाल तर आधी लहान पॅकेट घ्या. एक डायपर उघडून त्यावर पेलाभर पाणी ओता, वरून हात दाबा. हात ओला झाला तर पुन्हा घेऊ नका. कमरेची साईज मोजून घ्या, अंदाजानं नको. पेपरात गुंडाळून मागू नका.

आणि माणूस एकदम कोरडं राहायला लागलं तर खूश होऊ नका. जवळ बसून विचारा, पाणी किती प्यालात?

मामी, त्या दिवशी मी हाव म्हणालो ते चुकलं. माल माझा खराब होता. तुमचं काही चुकलं नव्हतं.

तुमचा जावई आज तुमच्यासमोर हात जोडून उभा आहे.