लतीफ वस्तादांची सकाळ

लतीफ वस्ताद आयुष्यात जत्रेतली एकही कुस्ती जिंकले नाहीत.

तरी आमचं अर्धं कारंजा त्यांना वस्तादच म्हणायचं. नव्वदी उलटल्यावरही ते रोज सकाळी अंगणात बैठका मारायचे, म्हणून असेल.

त्यांना जाऊन आज एक वर्ष झालं. बरेच दिवस लिहायचं होतं. लिहून खोडत होतो. आज जसं येईल तसं लिहितो.

मी टेलर. आमचं दुकान त्यांच्या घरासमोर. बाबा पायाने मशीन मारायचे. आता मशीनला मोटर आहे. दिवसभर मान खाली, पाय गप्प.

बाबा हार्ट अटॅकने गेले. दुकानातच. गळ्यातली टेप गळ्यातच होती.

तेव्हापासून मला माझ्या छातीची भीती बसली. जिना चढलो, धडधडलं, की मी खाली बसायचो. ईसीजी काढायचो. नॉर्मल यायचा. घरी येऊन वाटायचं, त्यांचं मशीनच बिघडलं असेल.

वाशीमचे डॉक्टर म्हणाले, "हृदय चांगलं आहे. शुगर मात्र वाढायला लागली आहे, वजनही. रोज चाला. घाम येऊ द्या."

पण घाम यायचा म्हणजे धडधडणार.

म्हणून मी चाललोच नाही. ठोके दाखवणारं घड्याळ तेवढं विकत घेतलं.

एकदा दुकानाच्या पायरीवर बसून ते बघत होतो. समोरून वस्ताद ओरडले.

"काय पाहून राह्यला बे टेलर? टाइम पाहाले एवढा टाइम लागते का?"

"ठोके पाहतो, वस्ताद."

"कोनाचे?"

"माझेच."

"चालू हायेत ना? मंग तक्रार काय हाय?"

मला हसू आलं नाही. ते त्यांनी ओळखलं. बाबांच्या मयतीला त्यांनीही खांदा दिला होता.

ते येऊन पायरीवर बसले. आणि त्यांच्या मोठ्या भावाचं, करीमभाईंचं सांगितलं.

इंग्रजांच्या राज्यातली शेवटची वर्षं. महायुद्ध चालू होतं. हे दोघे भाऊ मोहल्ल्याच्या तालमीत जायचे. हिंदू-मुसलमान पोरं एकाच मातीत लोळायची. करीमभाई सगळ्यांत तगडे. जत्रेत शेवटची, मानाची कुस्ती मारून त्यांनी चांदीचं कडं आणलं.

त्यांचा खुराक मोहल्ल्याने वाटून घेतला होता. एका घरचं दूध, एका घरचे बदाम, कुणाचं तूप. लढाईने सगळं महाग झालेलं. पोरांच्या चहात दूध नसायचं, पण पहेलवानाचा लोटा कधी चुकला नाही.

"मंग भाईचं लगन झालं," वस्ताद म्हणाले. "कापसाच्या जिनिंगात मुकादम झाला. तालीम सुटली. खुराक नाही सुटला."

"काहून?"

"दूध वापस करनं म्हंजे मोहल्ल्याची बेइज्जती! अन् अम्मी म्हने, माहा पोरगा पहेलवान हाय, त्याले कमी नाही पडाले पायजे. मी म्हनो, भाई, चाल ना तालमीत. तो म्हने, मी जितलो ना आता, कायले येऊ?"

त्यांनी स्वतःचं मनगट चोळलं.

"तिशीत गेला. धाप लागे लागे अन् गेला. मनगट एवढं सुजलं होतं का कडं निंगेना. सोनाराले बलावून कापा लागलं."

मी विचारलं, "आणि तुम्ही?"

"मी सदा हरे! हरला त्याले दुसऱ्या दिवशी पुन्हा जा लागते. तसाच जात राह्यलो बापा. तालीम पडली, तं आंगनात करून राह्यलो. दात घासतो, तसं."

मग उठून म्हणाले, "भाईनं माह्यं आयकलं नाही. तू आयक. उद्या सकाळी ये."

पहिल्या दिवशी थोड्याच बैठकांत छाती उडायला लागली. मी मटकन बसलो. त्यांनी माझा हात ओढून स्वतःच्या छातीवर ठेवला. तिथेही धाड धाड चालू होतं.

"पाह्य. कामाले लागलं म्हनून आवाज करते. निजलं असतं तं चूप राह्यलं असतं. ऊठ. एकदम नको बसू, हळूहळू चाल."

रोज सकाळी त्यांची हाक यायची. "टेलर, मेला का जिता हाय?" सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. आई चिडायची. बैठका झाल्या की आम्ही दोघे थोडं चालून यायचो.

चमत्कार काही झाला नाही. पण रात्री झोप लागायला लागली. मानेचं दुखणं कमी झालं. शुगर उतरली, तेव्हा रिपोर्ट दाखवायला धावत गेलो. त्यांनी तो उलटा धरला, मान डोलावली आणि म्हणाले, "धावत आला ना? मले तेवढं समजते."

मग एका दुपारी चहा पिऊन ते भिंतीला टेकले, आणि तसेच गेले.

दफनाच्या दुसऱ्या सकाळी जाग आली. हाक नव्हती.

वाटलं, आज राहू दे. दुःख आहे, कोण काय म्हणणार? पण आज राहिलं तर उद्याही राहील, हे मला माहीत होतं.

बैठका मारल्या. मंगरूळपीर रोडने एकटाच निघालो. गाव मागे पडलं आणि धडधडायला लागलं. सोबत कुणी नाही. खूप भीती वाटली.

बसलो नाही. हळू झालो, पण चालत राहिलो.

परत आलो तर आई दारात उभी. "एकलाच गेल्ता का रे?"

"हो."

ती आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली.

या वर्षात खाडे झाले. तापात झाले, दिवाळीच्या शिलाईत झाले. भीती अजून येते. पण खाड्यानंतरच्या सकाळी मी पुन्हा गेलो. आजही जाऊन आलो, मग हे लिहायला बसलो.

वस्ताद, आता तुम्ही निवांत झोपा.

माझा मी उठतो.