सांध्यावरची भर

नाताळाच्या महिनाभर आधीपासून खाली सपाटीवरल्या अ‍ॅशबर्न शहराची मराठी मंडळी गाड्या भरभरून नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरात येऊ लागली, की वीणाताईंचं तोंड आंबट होई. मंडळी त्यांच्या नर्सरीतल्या फरच्या, म्हणजे नाताळच्या झाडांच्या, रांगांत पन्नास फोटो काढत, डब्यातली थालीपीठं संपवत आणि "घरी आर्टिफिशियल आहेच" म्हणून मोकळ्या हातांनी परत जात. जाताजाता कुणीतरी विचारी, "काकू, हे पाइन ना?" वीणाताई म्हणत, "नाही, भेंडी." आणि हसतही नसत.

दापोलीला शेतकी शिकून त्या तीस वर्षांपूर्वी इकडे संशोधनाला आल्या. बरोबरीची बहुतेक मुलं पुढे सॉफ्टवेअरमध्ये शिरली, या मात्र झाडांतच राहिल्या. तिथल्या मराठी मंडळाच्या लेखी त्या 'झाडवाल्या काकू', आणि त्यांच्या लेखी सगळं मंडळच बिनकामाचं. फिट्टंफाट होती.

फ्रेझर फर हे झाडही त्यांच्याच वळणाचं. साडेचार हजार फुटांखाली त्याला करमत नाही. धुकं हवं, गारवा हवा, पाणी झटकन निचरून जाणारी माती हवी. सुया मऊ, खालून रुपेरी, आणि तोडल्यावरसुद्धा महिनाभर गळत नाहीत. सात-आठ वर्षं दर उन्हाळ्यात नेमाने छाटलं, तर कुठे दिवाणखान्यात उभं करण्याजोगं होतं. सखल भागातल्या चिकणमातीत मात्र त्याची मुळं कुजतात. वीणाताईंनी त्यावर आंब्याचीच युक्ती लढवली. खाली चिवट तुर्की फरचा खुंट आणि वर फ्रेझरची काडी, असं कलम. मुळांचा प्रश्न सुटला. आता ऊन सोसणारी काडी कुठली, ते शोधायचं होतं. डोंगरातल्या चाळीस झाडांच्या काड्या आणून त्यांनी चाळीस कलमं बांधली आणि खाली सपाटीवर ओळखीपाळखीच्यांच्या अंगणांत लावायला दिली. चार उन्हाळ्यांत एकोणचाळीस करपली. उरलं ते एक, आणि तेही नेमकं अ‍ॅशबर्नच्या दिगंबर पाटणकरच्या अंगणात!

हा दिगंबर डेटा सेंटरमधला मोठा साहेब. आजोबांच्या देवगडला आंब्याच्या बागा. भेटला की एकच पालुपद, "कलम आपल्या रक्तातच आहे, ताई." या गृहस्थाने हापूस फक्त पेटीतून बाहेर काढला असणार, याबद्दल वीणाताईंना तिळमात्र शंका नव्हती. त्याच्याशी बोलणं त्या होता होईतो टाळत. दर दिवाळीला "झाड कसं आहे?" एवढं विचारायचं, त्याचं "फर्स्ट क्लास!" आलं की विषय संपला.

मग गेल्या सप्टेंबरात वादळी पावसाने डोंगरावर पूर आला, दरड कोसळली आणि त्या कलमाचं मूळ झाड दरडीबरोबर गेलं. आता ती जात फक्त दिगंबरच्या अंगणात होती. प्रयोग चालवणाऱ्या विद्यापीठाने तर स्पष्टच कळवलं, या वसंतात नवी कलमं बांधून दाखवा, नाहीतर प्रयोग बंद. अकरा वर्षांचं काम होतं. फेब्रुवारीत वीणाताई काड्या कापायला कात्री आणि गुंडाळायला ओलं फडकं घेऊन सहा तास गाडी चालवत अ‍ॅशबर्नला पोचल्या.

दिगंबरने हात पसरून झाड दाखवलं. "बघा! किती हेल्दी आहे!"

कमरेइतकं, गर्द, गच्च झुडूप. वीणाताईंनी एक सुई उलटून पाहिली, ती फ्रेझरची नव्हती. त्या खाली बसल्या. बुंध्याभोवती लाकडाच्या भुशाचा हा ढीग. दोन्ही हातांनी त्यांनी तो उकरला. तळाशी सांधा सापडला, काळा पडलेला. सांध्याच्या वर फ्रेझरचं करवतीने कापलेलं थोटूक, आणि झुडूप सगळं सांध्याखालून फुटलेलं. नुसता तुर्की खुंट.

"टॉप ड्राय झाला होता दोन वर्षांपूर्वी, मी कट केला," दिगंबर उत्साहाने सांगत होता. "खालून लगेच नवीन फूट! जोर बघा ना यार!"

"अहो, सांध्यावर भर घालतात का कधी?" वीणाताई ओरडल्या. "साल कुजवून मारलंत त्याला! कलमाच्या घराण्यातले म्हणे! देवगडच्या शेंबड्या पोरालासुद्धा कळतं एवढं!"

दिगंबरचा चेहरा पडला. त्याने खिशातून फोन काढला, बराच वेळ शोधलं आणि पुढे धरला. "पण ताई, मी विचारलं होतं तुम्हाला."

तीन वर्षांपूर्वीचा मेसेज. फोटोत कोवळं फ्रेझर आणि त्याच्या गळ्यापर्यंत आलेला भुसा. खाली दिगंबरचा प्रश्न, "ताई, एवढी भर चालेल ना? की कमी करू?" त्याखाली वीणाताईंचं उत्तर, "कलम तुमच्या रक्तातच आहे. मला काय विचारता?"

"आय थॉट तुम्ही कॉम्प्लिमेंट दिलं," दिगंबर म्हणाला. "गणपतीत सगळ्यांना वाचून दाखवलं होतं मी."

वीणाताईंनी ते दोनदा वाचलं. नखांत भुसा अडकला होता, फडकं मांडीवर तसंच ओलं होतं. एकोणचाळीस झाडं उन्हाने नेली. चाळिसावं त्यांच्या कुचकेपणाने गेलं होतं, आणि समोरचा माणूस अजून विचारत होता, "ताई, आता भर कमी करू का?"