मामांचा वनटन, मामीची अट आणि तेरचा धक्का

"एकदा जरी धक्का मारायला लागला, तर सोमवारी गाडी भंगारात!" मामी बोलत होती मामांशी, पण बोट माझ्याकडं होतं. "तू साक्षीदार. आल्यावर खरं काय ते सांगायचं."

मी पुण्याहून मुरुमला चार दिवस आराम करायला आले होते. पण मामा लेकीची शिलाई मशीन तिच्या सासरी, ईटला, पोचवायला निघालेत आणि तेही वनटननं, हे कळल्यावर कसला आराम! वनटन म्हणजे मामांनी लष्कराच्या लिलावात घेतलेला जुना पेट्रोल ट्रक, कार्बोरेटरवाला. लिटरला पाच किलोमीटर दिले तरी खूप, त्यामुळं ही सहल स्वस्तात होईल असं कुणी समजू नका. दिवाळीपासून त्याला एक खोड लागली होती. सकाळी चटकन सुरू व्हायचा, पण चालून गरम झाला आणि मध्ये कुठं बंद केला की उठायचं नाव नाही. गेल्या महिन्यात सत्तरीचे मामा भर उन्हात तीन तास रस्त्याकडेला बसून होते. मामीचा जीव टांगणीला लागला होता, त्यातून ही अट.

सकाळी सातला अर्ध्या सेल्फमध्ये इंजिन घुमलं. मामांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू विमान उडवलंय. नळदुर्ग, तुळजापूर हा रस्ता झकास आहे, वनटनलासुद्धा. नळदुर्गला टपरीवर चहा घेतला, दहा रुपयांत पेलाभर, आल्याचा. इंजिन मात्र चालूच! धाराशिवला जेवतानाही चालू. मी म्हटलं, "मामा, निम्मं पेट्रोल तुमच्या जेवणात गेलं."

"जाऊ दे. बंद करायची न्हाय म्हणजे न्हाय."

तेरला मात्र माझ्या हट्टानं घात केला. त्रिविक्रमाचं विटांचं जुनं देऊळ बघितल्याशिवाय मी पुढं येणार नाही म्हटलं. (तुम्हीही बघाच. धाराशिवहून एसटी मिळते आणि देवळात इतका गारवा असतो की उठावंसं वाटत नाही.) देवळापुढं ट्रक घुर्रघुर्र करायला लागला, तशा दोन म्हाताऱ्या कानावर हात ठेवून आमच्याकडं बघायला लागल्या. मामा लाजले आणि त्यांनी चावी फिरवली.

तासाभरानं आलो तर व्हायचं तेच झालं. मामांनी चोक ओढला, तीनदा ॲक्सिलेटर दाबला, सेल्फ मारला. काही नाही. पुन्हा चोक, पुन्हा सेल्फ. पेट्रोलचा भपकारा आला आणि बॅटरी दमायला लागली.

"आजोबा, बैलं आणू का?" पारावरून एकजण ओरडला. पण तोच पहिला धावत आला, त्याच्यामागं आणखी सातजण. आठजणांनी ढकलला तेव्हा काळा धूर ओकत वनटन सुरू झाला. मामांनी सगळ्यांना हात जोडले. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू!

येडशीला रस्त्यावर एका म्हाताऱ्या पठाण मिस्त्रींचं गॅरेज दिसलं. त्यांनी आधी प्लग काढला. काळाकुट्ट आणि ओला. मग तो बॉडीला टेकवून सेल्फ मारायला लावला, तर निळी ठिणगी.

"करंट बराबर हाय. पेट्रोल ज्यादा होतंय, न्हाय तर हवा कमी पडतीय. गरम गाडीला चोक कशाला वढताय, मामू? आणखी बुडतीय की ती."

जुन्या गाडीवाल्यांनो, हे लिहून ठेवा. चोक ओढला की हवा अडते, म्हणून गरम गाडीत पेट्रोल जास्त झालं तर चोक आत ढकलायचा, ॲक्सिलेटर पूर्ण दाबून धरायचा आणि मग सेल्फ.

"फिल्टर कधी साफ केला?"

"ते काम हिचं हाय," मामा म्हणाले. खरंच, दर महिन्याला फिल्टर रॉकेलमध्ये धुणं हे मामीचं काम, मामा त्याला हातही लावत नाहीत.

मिस्त्रींनी फिल्टरचं झाकण उघडलं आणि आम्ही तिघंही बघत राहिलो. आत हवेच्या तोंडावर इरकल लुगड्याचा तुकडा, चांगल्या चार घड्या घालून, वर सुतळीनं आवळलेला. लोणच्याच्या बरणीला बांधतात तसा दादरा! दिवाळीपासून घरापुढं रस्त्याचं काम चाललंय. गाडीत धूळ जाऊ नये म्हणून बिचारीनं इंजिनाचं नाकच बांधलं होतं.

दादरा काढला, प्लग पुसले. गरम इंजिन, चोक नाही, आणि एका सेल्फमध्ये सुरू! मी नाचायचीच बाकी होते. "मामा, जिंकलात! मामीची जिरली!"

मामांनी तो तुकडा नीट घडी करून खिशात घातला. "तिला सांगायचं न्हाय," एवढंच म्हणाले.

ईटला मशीन उतरवली. त्या भागातला ताजा खवा खाल्ल्याशिवाय परत फिरू नका, मी तर किलोभर बांधून घेतला. दुसऱ्या दिवशी येताना मामांनी मुद्दाम सात ठिकाणी गाडी बंद केली आणि सातही वेळा ती एका दमात उठली.

मामी दारातच उभी होती. "धक्का मारला का?"

"मारला," मामा म्हणाले. "एकदा. तेरला."

बस्स. पायताण काढून आत निघाले. मला कळेना, हा माणूस आपली लाडकी गाडी अशी घालवतोय? माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी भडाभडा सगळं सांगून टाकलं.

मामी मामांकडं वळली. "मग बोलला का न्हाईत?"

"तू काळजीनंच बांधलं व्हतं की. त्यात काय बोलायचं?"

"येडंच हाय हे माणूस!" पदरानं डोळे पुसत तिनं भंगारवाल्याला फोन लावला. "सोमवारी येऊ नका. गाडी चांगली हाय. बांधणारीलाच अक्कल नव्हती."

पुण्यात येऊन आठवडा झाला. खवा संपला, फोटो अजून बघते आहे. परवा नवऱ्यानं मला बरं नाही म्हणून हौसेनं भात लावला आणि माझा नवा कुकर करपवून ठेवला. मी बोलायला तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटलं. ताट पुढं ओढून म्हटलं, "वाढ."