वाफेवरची जट

पार्लर परवडत नाही म्हणून माझी मुलगी मुक्ता घरीच नकली जटा बनवते आहे. बाजारातली नायलॉनची स्वस्त गंगावनं गुंतवायची, पीळ द्यायचा आणि चहाच्या किटलीच्या वाफेवर धरायचा. गार झाला की पीळ सुटत नाही.

दुसरं टोक माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या, हातात आहे. लहानपणी तिच्या डोक्यात खरी जट झाली होती. देवीची म्हणून कुणी कापू दिली नाही. मान आखडायची. शाळाही सुटली.

"ही काढायची कधी गं?" आक्काने विचारलं.

"कंटाळा आला की, आत्या."

"एवढं सोपं!" आक्का खळखळून हसली.

भीतीही अशीच बसत असावी, कोवळ्या वयात पीळ घालून, मग गार होऊ देऊन. आक्काच्या हसण्याने मला धीर आला.

"आक्का, तू जट कापायला निघालीस, त्या दिवशी कात्री मी लपवली होती. देवी कोपेल म्हणून."

त्यानंतर कितीतरी वर्षं तिने ते ओझं वाहिलं आणि मी गप्प राहिलो.

तिने हातातलं टोक सोडलं नाही. "ज्वारीच्या कणगीत ना? सापडली होती मला. परत तिथंच ठेवली. मीही भ्यालेच होते रे. कात्री मिळत नाही म्हणायला बरं पडलं."

इतकी वर्षं मला वाटत होतं, त्या घरात भित्रा मी एकटाच. मी खुर्ची ओढली आणि आक्काला अगदी खेटून बसलो.