पाटीभोवतीची रेघ

आमच्या यांना नावानं कुणी हाक मारत नाही. बाहेर ‘पेंटर’, घरात ‘अहो’ आणि ‘बाबा’, एवढ्यावर भागतं. हे दुकानांच्या पाट्या हातानं रंगवतात. अक्षरं काय कुणीही काढेल, असं यांचं म्हणणं. खरा पेंटर ओळखायचा तो पाटीभोवतीच्या रेघेवरून. ब्रश टेकवला की या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत न उचलता, एका दमात ओढायची. आणि त्याआधी एक सिगरेट. तिच्याशिवाय हात स्थिर होत नाही, हे यांच्या वर्कशॉपमधलं ब्रह्मवाक्य.

त्या धुरावरून मी इतकी कटकट केली, की शेजाऱ्यांना ती पाठ झाली. हे ढिम्म. सोडली ती लेकीसाठी. ती दातांची डॉक्टर झाली, दवाखाना काढायचं ठरलं आणि म्हणाली, “पाटी तुम्हीच रंगवायची, बाबा. पण सिगरेट सोडून.” माझं मेलीचं कोण ऐकतंय! लेकीचा शब्द मात्र खाली पडत नाही.

मग जी धुसफूस सुरू झाली! ब्रश सापडला नाही तरी माझ्यामुळे, रंग घट्ट झाला तरी माझ्यामुळेच. शेवटी लेकीनं आम्हा दोघांना समोर बसवलं.

“मेंदूतल्या पेशींवर बारीक कुलपं असतात. त्यांची किल्ली शरीर स्वतः बनवतं. निकोटिन ही तिची डुप्लिकेट. ती फिरली की डोपामाइन सुटतं, बरं वाटतं. पण रोज फिरवत बसलात की मेंदू जादा कुलपं बसवतो. मग किल्ली यायला जरा उशीर झाला, की चिडचिड, अस्वस्थपणा, लक्ष लागत नाही.”

“म्हणजे सिगरेटनंच बिघडवायचं आणि तिनंच दुरुस्त करायचं?” मी विचारलं.

“अगदी तसंच. आणि बाबा तिला कारागीर समजतात! काही आठवड्यांत जादा कुलपं कमी होतील.”

आठवडे गेले, चिडचिड ओसरली. हाताची थरथर मात्र वाढतच चालली. दवाखान्यावर पाटी चढली, लेकीचं नाव रंगवून झालं, भोवतीची रेघ तेवढी राहिली. हे जुन्या पत्र्यावर सराव करायचे, रेघ नागमोडी यायची, पुसून टाकायचे. दवाखाना उघडायच्या आदल्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये डबा घेऊन गेले, तर टेबलावर सिगरेटचं कोरं पाकीट.

“एकच ओढतो,” हे म्हणाले. “तिच्या पाटीवर वाकडी रेघ नाही बघवणार मला.”

एरवी मी भांडलेच असते, या खेपेला लेकीला फोन लावला. ती आली, पाकिटाकडे बघितलं आणि तिची नजर शेजारच्या कॉफीच्या थर्मासवर गेली.

“ही एवढी कॉफी केव्हापासून?”

“सिगरेट सोडल्यापासून. आधी सकाळ-संध्याकाळ घ्यायचो, आता तल्लफ आली की कपभर.”

तिनं कपाळावर हात मारला. “अहो बाबा, सिगरेटच्या धुरामुळे यकृत कॉफी भराभर संपवत होतं. धूर बंद झाला, ते आपल्या मूळ चालीवर आलं. आता पूर्वीएवढी प्यायलात तरी जास्त वेळ अंगात राहणार. आणि तुम्ही तर अख्खा थर्मास रिचवताय, मग हात थरथरणारच!”

यांनी तिच्यादेखत कॉफी मोरीत ओतली. पाकीट काही तिनं मागितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीवाचून डोकं ठणकतंय म्हणून कुरकुरतच हे शिडीवर चढले. खाली मी शिडी धरून, शेजारी लेक. यांचा हात सवयीनं खिशात गेला. पाकीट आत होतं, मला दिसत होतं. मी एक शब्द बोलले नाही, आणि माझ्यासाठी हे सोपं नव्हतं. हात रिकामाच बाहेर आला. ब्रश टेकला, आणि रेघ या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत सरळ गेली.

काम झालं की समोरच्या फुटपाथवर जायचं, सिगरेट पेटवायची आणि पाटी न्याहाळायची, ही यांची जुनी रीत. तसे गेले, मागोमाग आम्ही मायलेकी. दोन बोटं ओठांपर्यंत गेली आणि तशीच खाली आली. बराच वेळ बघत राहिले. मग पाकीट काढून लेकीच्या हातात दिलं.

“इतक्या पाट्या रंगवल्या,” मला म्हणाले, “सगळ्या धुरातूनच बघितल्या गं. ही पहिलीच नीट दिसली.”